अवंतीची सकाळ

सवत जिवंत असली तर तिच्याशी भांडता तरी येतं. केतकीची सवत मेलेली होती, आणि तिचा आवाज मात्र कुरणटाकळीच्या तळ्यावर सरकारी खर्चाने जपून ठेवलेला होता. आता अशा बाईचं माणसाने करायचं काय?

तसं पाहिलं तर सवत हा शब्दही बरोबर नव्हता. हृषीकेशची पहिली बायको अवंती किडनीच्या आजाराने गेली आणि त्यानंतर बऱ्याच काळाने केतकी त्याला भेटली. चाळिशी ओलांडलेल्या दोघांनी रीतसर, समजून-उमजून लग्न केलं. केतकीचा नाशिकला दातांचा दवाखाना होता. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणून तोंड उघडायला लावणं हाच तिचा धंदा. पण घरातलं एक तोंड अवंतीचं नाव निघालं की असं मिटायचं, की कुठल्याही हत्याराने उघडू नये. हृषीकेश अवंतीबद्दल चकार शब्द बोलत नसे. फोटो कपाटात आणि आठवणी पोटात. केतकीला सुरुवातीला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की नवरा गप्प राहिला की बायकोचं डोकं दुप्पट बोलायला लागतं.

आणि त्यात दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ही सहल.

सहल ‘टिटवी मंडळा’ची. पक्षी बघणाऱ्या नाशिककरांचं हे जुनं टोळकं, आणि हृषीकेश त्याचा म्होरक्या. मंडळाचा नियम एकच, पण कडक: तळ्यावर पाऊल टाकल्यापासून नाश्त्याच्या शिट्टीपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. जो बोलेल त्याने सगळ्यांचे डबे घासायचे. एवढ्या मौनी मंडळाला दिवसरात्र कोकलणाऱ्या पक्ष्याचं नाव कुणी आणि का दिलं, हे आता कुणालाच आठवत नव्हतं.

बस कुरणटाकळीच्या फाट्याला वळली तशा सुलभामावशी पुढच्या सीटवरून मागे वळल्या. सुलभामावशी म्हणजे मंडळाच्या अन्नपूर्णा आणि आकाशवाणी, दोन्ही.

“केतकी, दशम्या केल्यास ना? छान. अवंती तिळाची चटणी आणायची बघ. तशी चटणी मी जन्मात खाल्ली नाही.”

“हो, मागच्या वर्षी सांगितलंत तुम्ही. म्हणून यंदा मीही केलीय,” केतकी म्हणाली.

“आणि डोळा काय तिचा! आपल्याला नुसतं गवत दिसायचं, तिला त्यात बसलेला पाणलावा दिसायचा.”

मेल्या म्हशीला मणभर दूध, हे केतकीच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं आणि शेजारी पाहिलं. हृषीकेश खिडकीबाहेर बघत होता. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. चिखलात जायला इस्त्रीचा शर्ट! घरातून निघतानाच तो तिच्या डोळ्यांत खुपला होता. नटूनथटून कुणाला भेटायला चाललाय हे तिला ठाऊक होतं. आज भेटीचा शेवटचा दिवस होता.

शेवटचा कसा, ते समजायला थोडं मागे जायला हवं.

कुरणटाकळीचं तळं म्हणजे एका जुन्या धरणाचं फुगवट्याचं पाणी. चिखल, लव्हाळी, पाणकणीस, आणि हिवाळ्यात देशोदेशीचे पक्षी. ते अभयारण्य झालं तेव्हा पक्ष्यांची मोजदाद करण्यासाठी खांबाखांबावर आणि झाडाझाडावर सुपारीएवढे ध्वनिग्राहक बसवले गेले. पक्षी दिसेलच असं नाही, पण त्याचा आवाज धुक्यातूनही येतो आणि गवतातूनही. बाराही महिने, रात्रंदिवस तळ्याचं बोलणं टिपलं जाऊ लागलं आणि वर्षानुवर्षं साठत गेलं.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर चालतो. म्हणजे एखादी टिटवी ओरडली, तर जवळच्या खांबाला ते आधी ऐकू येतं आणि लांबच्या खांबाला क्षणभराने. शेकडो खांबांवरचा हा क्षणाचा फरक जुळवला की टिटवी नेमकी कुठे बसून ओरडली ते ठरवता येतं. मग संगणक आणखी एक पायरी चढला. एकमेकांत मिसळलेल्या आवाजांच्या गुंत्यातून त्याने एकेक धागा सोडवला, प्रत्येक धाग्याला त्याची जागा दिली आणि उलटा हिशेब मांडला: त्या दिवशी, त्या वेळी, तळ्यावर अमुक ठिकाणी माणूस उभा असता तर त्याच्या कानावर काय पडलं असतं?

यातून निघाली ‘जुनी सकाळ’. फाटकावर एक पट्टा मिळायचा. तो कानामागच्या हाडावर बसवायचा, तारीख सांगायची आणि चालू लागायचं. डोळ्यांना आजचं तळं, कानांना तेव्हाचं. डोक्यावरून करकोच्यांचा थवा गेल्याचं ऐकू यायचं आणि वर बघावं तर आभाळ मोकळं. चार पावलं पुढे गेलं की आवाज बदलत, कारण प्रत्येक जागेची सकाळ निराळी. सगळं हाडातून ऐकू येई, त्यामुळे शेजारच्याला कळत नसे आणि कशावर उतरवूनही घेता येत नसे.

हे केलं पक्ष्यांसाठी, पण पक्ष्यांच्या धाग्यांबरोबर माणसांचेही धागे आलेच. लोक मेलेल्या वडिलांचा खोकला ऐकायला येऊ लागले. तिथवर ठीक होतं. पुढे कुणी भावाभावांची वाटणीची कुजबुज ऐकली, कुणी सासूने सुनेबद्दल काढलेले उद्गार ऐकले, आणि तळ्याकाठी डोकी फुटायची वेळ आली. शेवटी ठरलं, की जुन्या सकाळींतून माणसं काढून टाकायची. आज दुपारी बाराला ती सगळी कायमची पुसली जाणार होती. पक्षी तेवढे राहणार होते.

हृषीकेश दरवर्षी एकच सकाळ मागायचा. अवंती आजारी पडली, त्याच्या आधीच्या सहलीची. केतकीने पहिल्या वर्षी विचारलं होतं, “काय ऐकतोस रे एवढं?” तो म्हणाला होता, “पक्षी.” आणि पट्टा काढून डोळे पुसले होते. पक्ष्यांसाठी कुणी डोळे पुसतं का?

फाटकावर हृषीकेशने पट्टा घेतला, हळूच तारीख सांगितली आणि निघाला. पट्टे देणाऱ्या मुलीने केतकीकडे पाहिलं. दरवर्षी केतकी नको म्हणायची. आज ती म्हणाली, “मलाही. तीच तारीख.”

आत शिरल्यावर मौन सुरू झालं. हृषीकेश पाण्याच्या पलीकडच्या टेकाडावर, मचाणावर चढला. म्होरक्याची जागा ती. तिथून सगळ्यांवर नजर ठेवता येत असे. बाकीची मंडळी दुर्बिणी सरसावून बांधावर पांगली. बांधावर एक करंजाचं झाड होतं. त्याच्याखाली कुणी थांबलं नाही. ती अवंतीची जागा. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत केतकीने तिथे आपली पिशवी टेकवली होती, तर सुलभामावशींनी ती हलकेच उचलून दुसरीकडे ठेवली होती. न बोलता. मौनच होतं ना!

केतकी खालून दुर्बिणीतून मचाणाकडे बघत राहिली. हृषीकेशने पट्टा कानामागे बसवला आणि कठड्याला धरून डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचा चेहरा आक्रसला. मग त्याने पट्ट्यावर बोट दाबलं आणि तोच चेहरा पुन्हा तसाच झाला. तो तेवढाच भाग परत परत ऐकत होता.

केतकी जळली. दुसरा शब्द नाही. आपण ज्याच्या डब्यात भाजी आवडीची देतो, ज्याच्या पाठीला बाम चोळतो, तो माणूस आपल्यादेखत दुसऱ्या बाईचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकतोय, आणि आपण त्याच्यासाठी हातात दशम्यांचा डबा धरून उभ्या आहोत. असं काय बोलली होती ती? कसला एवढा मध होता त्या आवाजात? तिने डबा खाली ठेवला, सरळ चालत करंजाखाली गेली आणि पट्टा लावला. सुलभामावशींनी दुरून डोळे मोठे केले. केतकीने पाठ फिरवली.

आधी नुसतं पाणी. मग वारकरी पक्ष्यांची चाललेली बडबड. मग कुणीतरी नाक ओढलं, थंडीत ओढतात तसं, इतक्या जवळून की केतकी दचकून बाजूला सरकली. श्वास थेट कानापाशी होता. अवंती तिच्याएवढीच उंच असणार.

“हृषी! ए हृषी! इकडे ये ना, लवकर!”

मोठा, खणखणीत आवाज. मध वगैरे काही नाही. भाजीवाल्याला वरच्या मजल्यावरून थांबवावं तशी हाक. आणि हृषी! केतकीने लग्नानंतर एकदा त्याला हृषी म्हणून पाहिलं होतं, तर तो असा चपापला होता, की पुन्हा तिने तो शब्द तोंडातून काढला नाही.

हाकेनंतर कुणी आलं नाही. क्षणभर शांतता. आणि मग अवंती हसली. नाकातून फुस्स आवाज येतो आणि मग आवरता आवरत नाही, तसं हसली.

“नाही येत? नको येऊस जा. मी एकटीच बघते,” ती स्वतःशीच पुटपुटली. मग पाण्याकडे तोंड करून, अगदी दबक्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी बोलू लागली. “काय गं टिबुकलीबाई, किती ही पिल्लं! आणि सगळी तुझ्याच पाठीवर? बाप कुठाय? तोही मचाणावर चढून बसलाय वाटतं?”

पुन्हा ते फुस्स. पलीकडे पाण्यावर पिल्लांची बारीक चिवचिव. केतकीच्या ओठांचे कोपरे वर गेले, आणि ते लक्षात येताच तिला स्वतःचाच संताप आला. ही बाई तिला आवडली होती. जिचा चार वर्षं मनातल्या मनात तिने उद्धार केला, ती समोर आली असती तर दोघींचं मस्त जमलं असतं.

मग तिच्या ध्यानात आलं. हे हृषीकेशने कधीच ऐकलेलं नाही. मचाण लांब. तिथे पोचत असेल ती फक्त हाक. हे हसणं, हे पुटपुटणं करंजाखालीच राहिलेलं. तो दरवर्षी आपल्या जागी उभा राहून आपल्याच वाट्याची सकाळ ऐकतो. त्याला हात धरून इथे आणलं तर? बारा वाजायला अजून पुष्कळ वेळ होता. त्याचा चेहरा कसा उजळेल ते केतकीला स्पष्ट दिसलं. तसा तो तिच्यामुळे कधी उजळला नव्हता. एका हाकेवर तो इतकी वर्षं झुरतोय. हे ऐकलं तर जन्मात तिच्यातून बाहेर येणार नाही.

‘एक हाक पुरे त्याला,’ केतकी मनाशी म्हणाली आणि तिने पट्टा काढला.

नाश्त्याची शिट्टी झाली. मंडळी सतरंजीवर बसली, तोंडं सुटली. हृषीकेश मचाणावरून उतरून आला तो थेट केतकीजवळ. तिच्याशेजारी उकिडवा बसत त्याने विचारलं, “करंजाखाली होतीस?”

“हो. टेकायला खोड होतं.”

“पट्टा होता?”

“होता.”

तो दशमीचा तुकडा मोडत राहिला. खाल्ला मात्र नाही. “मग... काही ऐकू आलं?”

सुलभामावशींचं वाढणं थांबलं. केतकीने सावकाश घास गिळला. “एक हाक ऐकू आली.”

“आणि हाकेनंतर?”

“हाकेनंतर पाणी. कुठलेसे पक्षी. दुसरं काय असणार?”

“नुसतं पाणी,” हृषीकेश म्हणाला. त्याने मान हलवली आणि पुन्हा मचाणाकडे निघाला. त्याची पाठ बघताना केतकीला वाटलं, उठावं, हाक मारावी, ‘अरे थांब, खोटं बोलले मी’ म्हणावं. ती अर्धी उठलीसुद्धा. तेवढ्यात सुलभामावशींनी बोट चाटत जाहीर केलं, “चटणी बरी झालीय हं केतकी. अवंतीच्या हाताची सर नाही, पण बरी आहे.”

केतकी परत खाली बसली आणि तिने आणखी एक दशमी वाढून घेतली.

बाराला थोडा वेळ असताना सगळ्यांनी पट्टे लावले. कुणी जुन्या सहलीतले आपलेच विनोद ऐकत होतं, कुणी गेलेल्या मित्राचं शीळ घालणं. केतकी करंजापासून लांब, गर्दीत उभी राहिली. तिच्या कानात कुठल्याशा कोपऱ्यात डबे वाजत होते, माणसं कुजबुजत होती, आणि बाईंनी वर्गात पाऊल टाकल्यावर व्हावं तसं सगळं एकदम गप्प झालं. वारकरी मात्र बडबडतच राहिले. सुलभामावशी पदराने डोळे पुसत होत्या. मचाणावर हृषीकेश तसाच उभा होता. केतकीला वाटलं होतं, या क्षणी सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये जेवणाची सुस्ती होती. माना कलल्या होत्या, घोरणं सुरू झालं होतं. उन्हं खिडकीतून तिरपी येत होती.

“केतकी, एक सांगू?” हृषीकेश म्हणाला. “तू विचारलं होतंस, मी काय ऐकतो. ती मला हाक मारते. भर मौनात. आणि मी वरून ‘शूऽऽ’ करतो. बस, एवढंच आहे.”

केतकीने त्याच्याकडे वळून पाहिलं. “एवढंच? दरवर्षी?”

“तिची हाक आणि माझं शू. काहीतरी होतं तिथे, मला दाखवायचं. मी नियमाचा पुतळा, उतरलो नाही. वर सगळ्यांचे डबे घासायला लावले तिला. तिने घासले. मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मग दवाखाने सुरू झाले. त्यानंतर तिने हाक मारून मला कधी काही दाखवलं नाही.” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “फार लागलं होतं गं तिला.”

“मग करंजाखाली उभं राहून कधी का नाही ऐकलंस?” केतकीने विचारलं.

“भीती वाटायची. तिथे ती रडली असेल तर? आज मात्र ठरवून आलो होतो. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, जे असेल ते ऐकायचं. पण तू म्हणालीस, हाकेनंतर नुसतं पाणी. तेव्हाच कळलं. फार लागलं की ती अशीच गप्प व्हायची.”

 केतकीला वाटलं होतं, तिने त्याच्यापासून एक सुख लपवलं. तिने तर त्याच्या हातात दुःखाचा पुरावा दिला होता.

“हृषीकेश, ती हसली होती,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले सकाळी. मला... मला हेवा वाटला. ती हसली आणि म्हणाली, नको येऊस जा, मी एकटीच बघते. टिबुकली होती तिथे, पाठीवर पिल्लं घेऊन. तिच्याशी गप्पा मारत होती ती. पिल्लांचा बाप मचाणावर चढून बसलाय का, असं विचारत होती. तिला काही लागलं नव्हतं रे. ती मजेत होती.”

हृषीकेशने तिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत काहीतरी मऊ उतरलं.

“टिबुकली?”

“हो. पाठीवर पिल्लं.”

“अगं, टिबुकली कुठल्याही डबक्यात दिसते. तिच्यासाठी अवंती मौन मोडेल?” तो थकल्यासारखा हसला. “मागच्या वर्षी मीच दाखवली होती तुला. तुला नावाने येणारा तेवढा एकच पक्षी.”

“देवाशपथ सांगते. ती नाकातून हसली. फुस्स करून.”

“अवंतीचं हसणं मंडळात सगळ्यांना पाठ आहे. सुलभामावशी तर नक्कलसुद्धा करतात.”

“हृषीकेश, ऐक तरी माझं...”

“असू दे.” त्याने तिचा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. चार वर्षांत असा कधी घेतला नव्हता. “मला बरं वाटावं म्हणून तू अवंतीच्या बाजूने खोटं बोलतेस. वर हेव्याचा आळसुद्धा स्वतःवर घेतेस. एवढं मोठं मन कुणाचं असतं?” तो म्हणाला. “मी उगाच तुझ्यापासून सगळं लपवत राहिलो. आता नाही लपवणार.”

त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सगळं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखा झोपी गेला. पुढच्या सीटवरून सुलभामावशींनी मागे पाहिलं आणि प्रथमच मान डोलावून पसंती दिली.

केतकी ताठ बसून राहिली. हवं ते सगळं मिळालं होतं. नवरा बोलला होता, जवळ आला होता. फक्त तो तिच्या जवळ आलाच नव्हता. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून सवतीच्या बाजूने खोटं बोलणारी कुणी एक थोर मनाची बाई होती, तिच्या खांद्यावर तो निर्धास्त झोपला होता. केतकीला तिचा भयंकर हेवा वाटला. आणि या बाईबरोबर तिला आता जन्मभर एकाच घरात राहायचं होतं.